पुसायची राहिलेली फाइल

पहाटे कधीतरी वीज जायची आणि सातच्या सुमारास मला फोन यायचा, "मॅडम, लॅबचा प्रोग्राम उघडत नाहीये." रत्नागिरीतल्या आमच्या इस्पितळाचा लिनक्सवर चालणारा मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, माझ्या गळ्यात पडला होता. वीज आली की तो आपोआप सुरू व्हायचा, पण त्यावरचा रक्ततपासणीच्या नोंदींचा डेटाबेस काही उठायचा नाही. मी केस कसेबसे बांधून निघायची. कधी दहा मिनिटांत जमायचं, कधी अर्धा दिवस. का जमलं, तेही कळायचं नाही. वर्षभर हेच.

एकदा हेदवीहून पहिल्या एसटीने एक आजी आल्या होत्या, उपाशीपोटी रक्त द्यायला. नोंद झाल्याशिवाय नमुना घेता येईना. दहा वाजले.

"बाय, पोटात च्यासुद्धा नाय गो," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी काम कसंतरी सुरू करून दिलं आणि दार लावून सर्व्हरच्या स्क्रिप्ट, म्हणजे त्याने आपोआप काय करायचं याच्या लिहून ठेवलेल्या सूचना, वाचायला बसले. सुरू होताना काय चालतं, बंद होताना काय, ओळ न् ओळ. डेटाबेस सुरू झाला की 'मी चालू आहे' असं सांगणारी एक छोटी फाइल तयार व्हायची. नीट बंद केला तर बंद करणारी स्क्रिप्ट ती पुसायची. पण यूपीएसची बॅटरी संपून सर्व्हर धाडकन बंद पडला की फाइल तशीच राहायची. मग सुरू करणारी स्क्रिप्ट ती बघायची, डेटाबेस चालूच आहे असं समजायची आणि तो सुरू न करताच गुपचूप थांबायची.

माझ्या आधी हे काम करणारे सर निवृत्त होऊन हातखंब्याला राहतात. त्यांना फोन लावला.

"ती फाइल ना? वीज गेलेली असली की मी सकाळी आल्या आल्या पुसायचो आणि डेटाबेस सुरू करायचो."

"मग स्क्रिप्टमध्येच का नाही घातलंत?"

मागे हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. "करू करू म्हणत रिटायर झालो. तुम्हाला सांगायचंही राहिलं. रागावू नका हं."

रागवायला त्राण कुठे होतं?

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी घातल्या: डेटाबेस खरंच चालू आहे का बघ, नसेल तर फाइल पूस. बॅटरी उतरत आली की सगळं क्रमाने बंद करणारी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. रविवारी लॅब बंद असताना मुद्दाम यूपीएसचा प्लग काढला, बॅटरी संपू दिली, प्लग परत लावला; असं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा डेटाबेस आपला आपण उठला.

बाहेर वॉचमन पेपर वाचत होते. "झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

"आता वीज गेली तरी सातला मला फोन यायचा नाही." पायरीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.