बेकरीवाले आणि कप्तानवाले

घरात दोघी सुना. त्यांची नावं होती, पण ती कागदोपत्रीच. सासूबाईंपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणत. थोरली खालच्या मजल्यावर शिवणाचे क्लास घ्यायची. धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. प्लास्टरच्या साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जुळतो का ते पाहायचं. नजर बारीक आणि हात स्थिर लागणारं काम. दिवसभर नाकावर मास्क असल्यामुळे बोलणं कमीच, आणि बहुतेक त्यामुळेच डोक्यात गोष्टी फार.

दोघींना एकाच मालिकेचं वेड लागलं होतं. एका बंदराच्या गावात जनावरांची डॉक्टरीण बदलून येते. तिच्यावर दोघांचा जीव जडतो. एक गलबताचा कप्तान, उंचापुरा, बोलण्यात पटाईत. दुसरा बेकरीवाला, अबोल, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. मालिकेचे चाहते मोबाइलवरच्या गटांमध्ये जमत आणि तिथे सरळ दोन तट पडले होते: कप्तानवाले आणि बेकरीवाले. एकमेकांना पाण्यात पाहत. कुणी बेकरीवाल्याचं कौतुक केलं की पलीकडून पन्नास जण तुटून पडायचे, आणि कप्तानाला कुणी गोड म्हटलं की बेकरीवाले त्याची खिल्ली उडवायचे.

थोरली कप्तानवाली. गटात तिचं नाव होतं 'बंदरावरची'. धाकटी बेकरीवाली, आणि तिने नाव घेतलं होतं 'पावशेर'. या नावावर ती स्वतःच खूश होती. मालिकेत न घडलेले प्रसंग ती लिहायची. डॉक्टरीण पहाटे विताना अडलेली गाय सोडवून थकून येते, बेकरीवाला काही न विचारता तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवतो, एवढंच. पण लोकांना ते फार आवडायचं. गटात टाकण्याआधी ती प्रत्येक गोष्ट स्वयंपाकघरात थोरलीला वाचून दाखवी. थोरली भाजी चिरता चिरता म्हणे, "माणूस आहे की ओट्याचा दगड? बोलत का नाही तो?" दोघी हसत.

एका गोष्टीत धाकटीने लिहिलं होतं, 'त्याच्या हातांवरचं पीठ तिच्या साऱ्या आयुष्यावर पसरलं.' वाचताना तिलाच ते कसंतरी वाटलं, म्हणून टाकण्याआधी तिने ते खोडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्या गटातल्या एकीने तिला पाठवलं, 'हे बघ, तिकडे काय चाललंय.' कप्तानवाल्यांच्या गटात तेच वाक्य फिरत होतं. वर लिहिलं होतं, 'पावशेरबाईंची नवी गोष्ट, आतल्या गोटातून. आता तिला भट्टीत घालणार की काय?' खाली हसण्याचा पूर लोटला होता.

धाकटीला हसण्याचं काही वाटलं नसतं. वाक्य होतंच तसं. पण ते तिने कुठे टाकलंच नव्हतं. जगात ते एकाच माणसाने ऐकलं होतं.

संध्याकाळी ती थेट स्वयंपाकघरात गेली.

"जाऊबाई, ते वाक्य मी खोडलं होतं."

थोरलीच्या हातातली किसणी थांबली. "कुठलं गं?"

"पिठाचं."

"अगं, गंमत केली," थोरली म्हणाली. "तुझं नाव थोडंच घेतलं मी?"

"पावशेर कोण ते तुम्हाला माहीत होतं."

थोरली पुन्हा किसू लागली.

प्रकरण तिथेच थंडावलं असतं, पण तिकडच्या कुणालातरी चेव चढला. धाकटीने कधीतरी कौतुकाने मास्क लावून कामाच्या टेबलाशी बसलेला आपला फोटो टाकला होता. त्यात मागच्या भिंतीवर कारखान्याचं नाव दिसत होतं. त्यावरून कुणीतरी कारखान्याच्या पानावरचा कामगारांचा फोटो शोधून काढला आणि धाकटीभोवती लाल गोल काढून तो गटात लावला. सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, प्लास्टरने पांढरा झालेला एप्रन घातलेली बाई. 'हिला बेकरीवालाच लागणार, रोजचे पाव कमी पडत असतील.' 'दुसऱ्यांचे दात बसवते आणि स्वतः दात काढते.' आणखी बरंच काही, घरात मोठ्याने वाचता येणार नाही असं.

धाकटीने मोबाइल कपाटात टाकला. लिहिणं बंद झालं. थोरलीशी बोलणं तर कधीच बंद झालं होतं. "मीठ द्या", "गॅस बंद करा" एवढ्यावर घर चालू लागलं. टीव्ही चालायचा, पण समोर एकटे सासरे बसलेले असायचे, तेही डुलक्या काढत.

नवऱ्याने एकदा धीर करून विचारलं, "अगं, त्या डॉक्टरणीने शेवटी लग्न कुणाशी केलं?"

"अजून कुणाशीच नाही."

"मग तुम्ही भांडताय कशाला?"

तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पेपर घेऊन बाल्कनीत गेला.

रविवारी तिने मोबाइल पुन्हा उघडला. तिच्याच गटातल्या बायका पेटल्या होत्या. 'आपण गप्प बसायचं नाही,' गट चालवणाऱ्या बाईने तिला वेगळं लिहिलं होतं. 'ते वाक्य पहिल्यांदा टाकणारी ती बंदरावरची कोण आहे, तुला माहीत आहे असं वाटतं. नाव दे फक्त. पुढचं आम्ही बघतो.'

धाकटीने थोरलीचं नाव लिहिलं. मग शिवणाच्या क्लासचं नावही लिहिलं. राग होताच. खालून शिलाई मशिनांचा आवाज येत होता आणि मधूनच थोरलीचं ओरडणं, "अगं, उलट्या बाजूने शिवतेस, उसव ते!" उद्या क्लासच्या फोटोंवरही असेच लाल गोल दिसले असते. धाकटीने सगळं पुसलं आणि लिहिलं, 'माहीत आहे, पण सांगणार नाही.'

'म्हणजे तू त्यांना फितूर?' उत्तर आलं. दुपारपर्यंत तिला गटातून काढलं होतं. ज्यांच्यासाठी वर्षभर लिहिलं, त्यांतली एकही बाई तिच्या बाजूने बोलली नाही. तिला वाईट वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे थोडं हलकंही वाटलं.

दोन-तीन दिवसांनी सासूबाई जिना चढून वर आल्या. त्या क्लासमध्ये बसून पोरींच्या कपड्यांना बटणं लावून द्यायच्या. धापा टाकत पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझा फोटो बघत होत्या गं आज पोरी. खिदळत होत्या मेल्या."

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"थोरलीने मोबाइल हिसकावला. म्हणाली, ही माझी जाऊ आहे. तर एक पोरगी म्हणते, बाई, आम्हीही त्या गटात आहोत, ते पिठाचं वाक्य तर तुम्हीच टाकलं होतंत ना?"

"मग?"

"मग काय? म्हणाली, हो, मीच टाकलं, आणि मला त्याची लाज वाटते. तेवढ्यावर पोरींना घरी पाठवलं तिने. बसलीये खाली एकटी." सासूबाई गुडघा चोळत म्हणाल्या, "मला तुमचं पीठबीठ काही कळत नाही. पण ती जेवली नाहीये."

धाकटीने ताट वाढलं आणि खाली गेली. थोरली कापडाच्या ढिगाशेजारी बसून उगाच टाचण्या गोळा करत होती.

"जेवा," धाकटी म्हणाली.

"त्या गटातून बाहेर पडले मी," थोरली टाचण्यांकडे बघतच म्हणाली. "तुझा फोटो काढून टाका म्हटलं, तर मलाच शिव्या घातल्या. चुकलं गं माझं. सगळे हसतील, मला हुशार म्हणतील, असं वाटलं."

"हसले की."

"हो ना," थोरली म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. धाकटी ती जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली.

पुढे मालिकेत डॉक्टरणीचं लग्न कप्तानाशीच झालं. तो भाग दोघींनी शेजारी बसून पाहिला. थोरलीने चकार शब्द काढला नाही. शेवटी न राहवून एवढंच म्हणाली, "नवरदेवाचा कोट मात्र खांद्यात बसलेला नाही."

धाकटी पुन्हा लिहू लागली. आता शनिवारी क्लास संपला की ती खाली जाऊन पोरींना गोष्ट वाचून दाखवते. त्या तोंडावर भांडतात, बेकरीवाल्याला नावं ठेवतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येतात. थोरली मागे मशीनवर बसून ऐकते. पण कच्चं लिखाण धाकटीने तिला परत कधी वाचून दाखवलं नाही, आणि थोरलीनेही ते कधी मागितलं नाही.