खोपोली ते कशेळे, मधेच दम सोडणाऱ्या गाडीवर

जानेवारी १९८४, रविवार. सकाळी खोपोलीहून निघालो. पळसदरीजवळ गाडी बंद पडली. कर्जतला वडा आणि चहा घेतला. कर्जतच्या पुढे पुन्हा बंद पडली. दुपारी कशेळ्याजवळ सासुरवाडीला पोचलो. संध्याकाळी परत घरी.

त्या दिवशी घडलं ते एवढंच. आता हा रस्ता रुंद झालाय आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ असते. पण जुन्या छोट्या टू-स्ट्रोक गाड्या घेऊन फिरायची हौस असणारे अजून आहेत. त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी खोपोलीला गिरणीत नोकरीला होतो. माझी बायको सुमन दिवाळीनंतर तापाने गेली. ताप कशाचा, ते डॉक्टरांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. त्याच सुमारास आमची मोटारसायकलही बिघडली होती. कामावर जाण्या-येण्यात काही त्रास नसे. लांब गेलं की मात्र गाडीचा दम जायचा. ॲक्सिलरेटर पिळला तरी इंजिन गुरगुरत मंद व्हायचं आणि बंद पडायचं. थोडं थांबून किक मारली की काही झालंच नाही अशा थाटात चालू. गॅरेजच्या मिस्त्रीने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, सायलेन्सरमधली काजळी जाळली. शेवटी म्हणाला, "बोअर गेलाय साहेब, सिलिंडर आतून झिजलाय. विकून मोकळे व्हा."

सुमनचा धाकटा भाऊ बबन, त्याने कशेळ्याला गिऱ्हाईक बघून ठेवलं. गाडी तिकडेच द्यायची आणि एसटीने परत यायचं, असं ठरलं. आमचं लग्न झाल्यावर सहा महिन्यांनी घेतलेली गाडी. तिच्यावर सुमन मागे बसली नाही असा माझा एकही लांबचा प्रवास नव्हता. द्यायची तर द्यायची, पण तिला झालंय काय, हे तरी मला कळायला हवं होतं. हातात फक्त जायचा रस्ता होता.

खोपोली सोडली की डावी-उजवीकडे कापणी झालेली खाचरं आणि पेंढ्याच्या उडव्या. थंडीत कानाला रुमाल बांधून निघा, वारा बोचतो. पळसदरीच्या अलीकडे चढ लागला आणि गाडीने दम सोडला. मी प्लग काढला, पुसला, ठिणगी बघितली. निळी, चांगली. मागून पेंढ्याने भरलेली बैलगाडी आली.

"बसली काय ओ?" गाडीवानाने विचारलं.

"हो."

"बांदा मागं दोरीनं. माजं बैल बंद पडत नाय."

"होईल चालू थोड्या वेळाने."

"पेंढा घाला तिला, पेंढा," असं म्हणून तो हसत पुढे गेला.

प्लग बसवून किक मारली. चालू. म्हणजे प्लगच, असं कोणीही म्हणालं असतं. मिस्त्रीही आधी तसंच म्हणाला होता. पण मला शंका आली. प्लग पुसला म्हणून चालू झाली, की पुसण्यात दहा मिनिटं गेली म्हणून?

कर्जतला स्टेशनबाहेर वडा खाल्ला. तिथे वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा सुमनचा नियम, आणि तो मला अजून मान्य आहे. पेट्रोल मात्र कर्जतलाच भरून घ्यायचं, कारण तेव्हा पुढे पंप नव्हता. मी टाकी काठोकाठ भरून घेतली. गिऱ्हाइकाला रिकामी गाडी कशी द्यायची? टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच ऑइल घालावं लागतं; ते ओतल्यावर पंपावरचा माणूस म्हणाला, "हलवा गाडी, मिसळू दे नीट." गाडी दोन्ही बाजूंना डुलवली आणि निघालो.

आता गंमत बघा. खोपोलीहून निघताना टाकी निम्मी होती, तेव्हा गाडी बरीच लांब चालली. कर्जतला टाकी भरली आणि गाव संपतंय न संपतंय तोच दम गेला. पेट्रोल जास्त, आणि गाडी उपाशी असल्यासारखी! रस्त्याकडेच्या दगडावर बसून मी याच एका गोष्टीचा विचार करत राहिलो. समोर शेतात वाल हिरवागार उभा होता. बोअर गेला असेल तर टाकी भरलेली की रिकामी, याचं बोअरला काय?

थांबत थांबत सासुरवाडीला पोचलो तेव्हा सासूबाई अंगणात गोधडी शिवत बसल्या होत्या. मी त्यांना आई म्हणत असे. बाराव्या-तेराव्यानंतर पहिल्यांदाच भेटत होतो. त्यांनी सुई गोधडीत खोचून ठेवली.

"जावई, आदी जेवा," एवढंच त्या म्हणाल्या.

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. जेवता जेवता बबन म्हणाला, "दाजी, तो मानूस चारला येतोय. वाटंत बंद पडली ते सांगू नका त्याला."

"सांगणार."

"मंग झाली विक्री!"

जेवण झाल्यावर मी पेट्रोलची नळी कार्बोरेटरवरून काढली आणि बाटलीत सोडली. कॉक उघडला. करंगळीएवढी धार पडू लागली. मी बघत राहिलो. धार सुतळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नुसते थेंब. टाकी तर भरलेली! मी टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत गेली आणि धार पुन्हा करंगळीएवढी.

"आयला," बबन म्हणाला. "परत करा ओ दाजी."

परत केलं. तेच झालं.

पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी पेट्रोल आत ओढून धरते. टाकी भरलेली असेल तर आत हवा आधीच थोडी, म्हणून गाडी लवकर दमते. थांबलं की कुठूनतरी हळूहळू हवा झिरपते आणि गाडी चालू होते. मी झाकण उजेडात धरलं. भोक दिसत नव्हतं. तिथे कुंकू होतं, घट्ट, पापुद्र्यासारखं बसलेलं.

दसऱ्याला सुमनने गाडीची पूजा केली होती. हँडलला झेंडू, आणि झाकणावर कुंकवाचं मोठं बोट. दिवाळीनंतर मी गाडी पुसली, पण झाकण पुसलं नव्हतं.

सासूबाई जवळ आल्या. झाकण हातात घेऊन त्यांनी अंगठा फिरवला. "तेलात कालवलंय," त्या म्हणाल्या. "आमी नांगराला असंच लावतो. फुडच्या दसऱ्यापातूर हालत नाय. माज्याकडनंच शिकली ती."

त्यांनी झाकण माझ्या हातात परत दिलं.

"नांगराला कुटं नाक असतं?" त्या म्हणाल्या. "तिला काय ठावं, गाडी टाळूवाटं श्वास घेती म्हून." आणि तोंडाला पदर लावून त्या हसल्या. मग पदर डोळ्यांकडे गेला.

मी झाकण हातात घेऊन उभाच होतो. त्यांनी गोधडीतली जाड सुई काढून माझ्यापुढे धरली. "घ्या. भोकापुरतंच काडा."

मी भोकापुरतंच काढलं. लालसर भुकटी पडली, ती त्यांनी तळहातावर झेलली. नळी आता बादलीत सोडून पुन्हा धार लावली. टाकी निम्मी रिकामी होईपर्यंत ती बारीक झाली नाही. पेट्रोल परत टाकीत ओतलं.

"म्हंजी गाडी देत नाय तुमी," बबन म्हणाला.

"नाही."

"मी त्या मानसाला काय सांगू?"

"सांग, दाजींचं डोकं फिरलंय," सासूबाई म्हणाल्या. "आनि तो डबा दे त्यांना बांदून."

परतीच्या वाटेवर गाडी कर्जतला थांबली नाही, पळसदरीच्या चढावरही नाही. सकाळचा गाडीवान मोकळी गाडी घेऊन घराकडे चालला होता. त्याने हात वर करून विचारलं, "पेंढा घातला काय?" मी मान हलवली.

तुमची गाडी लांबच्या प्रवासात अशी दमत असेल तर प्लग आणि बोअरच्या आधी टाकीचं झाकण उघडून पाहा. सूं आवाज आला की समजा. याला खर्च काहीच नाही. सुमनच्या तापाचं कारण मला आजही माहीत नाही. ते कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या दिवसानंतर कमी केला. गाडी पुढे बरीच वर्षं माझ्याकडे होती, आणि दर दसऱ्याला मी त्या भोकाच्या बाजूने तेलातलं कुंकू लावत असे.

घरी पोचलो तेव्हा अंधारलं होतं. गाडी स्टँडवर लावली, कॉक बंद केला. आईंनी दिलेलं बिरडं गरम केलं, भात टाकला आणि जेवलो. आमच्याकडे माहेरचा डबा रिकामा परत देत नाहीत. त्यात काय घालून न्यायचं ते सुमन ठरवायची. मी डबा घासला, पुसला, आणि फडताळात शेंगदाणे किती आहेत ते बघायला उठलो.