पत्र्यातली थरथर

सासरे गेल्यावर सासूबाई रोज दिवेलागणीला न्हाणीशेजारच्या पत्र्याला हात लावून उभ्या राहू लागल्या. आमचं घर कळंबजवळच्या खेड्यात, भिंती अन् छप्पर सगळं पत्र्याचं. अंगणात पाणी शिंपडून झालं की त्या ओल्या पायानं तिथं जायच्या, तळवा टेकवायच्या आणि डोळे मिटायच्या.

"आत्या, काय करताय?" एकदा मी विचारलं.

"तुझे मामंजी हायेत इथं," त्या हळूच म्हणाल्या. "हात धरतेत माझा. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा बघ, तसाच."

मी चपला न काढताच हात लावला. नुसता गार पत्रा. नवराही कामावरून आल्या आल्या, बूट न काढताच, लावून आला. "भास होतोय आईला," म्हणाला.

पण शेळी त्या बाजूला फिरकेना. ओढलं तर चारी पाय रोवून उभी राही आणि पत्र्याकडं टक लावून बघे. संध्याकाळी तिकडं पाठ करायची मलाही भीती वाटू लागली.

आषाढात झड लागली. धुणं आटोपून मी अनवाणी उठले, तोल गेला म्हणून पत्र्याला हात टेकला. आणि कुणीतरी मनगट धरलं. बोटं आवळली, सुटेनात. थरथर कोपरापर्यंत चढली.

"मामंजी, सोडा!" मी किंचाळले.

पाय घसरून खाली पडले, म्हणून हात सुटला. दंडाला मुंग्या आल्या होत्या. माहेरी इस्त्रीचा शॉक बसला होता, तेव्हाही अश्शाच आल्या होत्या. मी आत्यांना ओरडून लांब थांबवलं. नवऱ्यानं कोरड्या काठीनं मेन स्विच पाडला.

वायरमन आला. सगळ्यांना दूर करून त्यानं लाईट चालू केली, टेस्टर पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. भर दुपारी आम्ही त्या ठिणगीएवढ्या उजेडाकडं बघत राहिलो. आढ्याजवळ वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली गेली होती. पायात चपला असल्या तर कळायचं नाही. ओल्या अनवाणी पायानं हात लावला की करंट अंगातून जमिनीत जायचा.

"आजी, नशीब तुमचं," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी चिकटूनच राहिला असता."

वायर बदलून पाईपातून घेतली, अर्थिंग केलं, करंट गळला की आपोआप लाईट तोडणारा स्विच बसवला. संध्याकाळी आत्या पत्र्यापाशी गेल्या. मी अडवलं नाही. बराच वेळ तळवा टेकवून उभ्या राहिल्या.

"गेले," म्हणाल्या, आणि रडल्या. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुलाबी धरलं व्हतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले.

चार-आठ दिवसांनी त्या स्वतःच चपला घालून निघाल्या. शेजारची बाळंतीण पत्र्याला बांधलेल्या लोखंडी तारेवर ओली दुपटी वाळत घालत होती. "तार काढ आधी, पोरी," आत्या म्हणाल्या. तिनं नायलॉनची दोरी बांधेपर्यंत त्या उन्हात उभ्याच होत्या.