पंधरा तारखेचे पैसे

मुलगी पोटात असताना मी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यातलं अर्धवेळ काम सोडलं. दोन वर्षं भातावर लोणच्याच्या चकत्या ठेवून साठवलेले येन आम्ही राहतो त्या निशी-कसाई भागातल्या एका बँकेत पडून होते. काउंटरवरच्या बाईंनी एक म्युच्युअल फंड सुचवला. दर महिन्याच्या पंधरा तारखेला खात्यात थोडे पैसे जमा होणार. मी तिथल्या तिथे, इथे सहीऐवजी चालतो तो, माझ्या नावाचा शिक्का उमटवला.

पुण्यात सहा वर्षं स्वतःचा पगार घरी आणलेली मी इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. त्यामुळे पंधरा तारखेला मशीनमध्ये पासबुक सरकवलं आणि ते करकरलं, की मला फार बरं वाटायचं. रक्कम चिमूटभरच. त्यातून मी आणि लेक स्टेशनजवळच्या बेकरीतून केक आणायचो. तीन वर्षं हे नेमाने चाललं.

नवरा सॉफ्टवेअरवाला. एका रविवारी त्याने लॅपटॉपवर तक्ता मांडला.

"तुझा फंड दर महिन्याला पैसे वाटतो आणि दर महिन्याला त्यावर टॅक्स कापला जातो. ईटीएफ शेअरसारखा बाजारात घ्यायचा. तो वर्षातून एकदा थोडं वाटतो, बाकीचं आत वाढत राहतं. मोठा टॅक्स विकशील तेव्हाच."

"आणि मला पैसे लागले तर?"

"थोडे युनिट विकायचे. नाहीतरी हा फंड कधीकधी तुझंच मुद्दल तुला परत देतो आणि तू त्याचा केक खातेस."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. आमच्या माहेरी ठेव एकदाच मोडली होती, बाबांच्या ऑपरेशनला. केकसाठी मोडायची ही कल्पनाच मला सहन होईना. पण तक्ता बरोबर होता. फंड विकला. माझ्या नावाने ऑनलाइन खातं उघडून त्यानेच ईटीएफ घेतला.

पुढच्या पंधरा तारखेला मशीनने पासबुक जसंच्या तसं परत दिलं. त्याच्या पुढच्याही. मी लेकीला दुसऱ्या रस्त्याने घरी नेऊ लागले. पर्समध्ये पैसे असायचे, पण ते घरखर्चाचे.

तिसऱ्या महिन्यात पंधरा तारीख शनिवारी आली. नवरा बरोबर होता. लेक बेकरीपुढे अडून बसली.

"मला हजार येन देतोस?" मी विचारलं.

त्याने हसत पाकीट काढलं आणि तसाच थांबला. लग्नाला सात वर्षं झाली होती, असं मी त्याच्याकडे कधी मागितलं नव्हतं.

"आज पंधरा ना?" तो म्हणाला.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सोमवारी त्याने ऑफिसातून अर्धा दिवस मागून घेतला. एवढ्याशा कामासाठी तिथे रजा मागणं म्हणजे दिव्यच. ईटीएफ विकायचं सकाळीच ठरवून आम्ही जुना फंड परत घ्यायला बँकेत गेलो. त्याच बाई होत्या. तीनच महिन्यांपूर्वी विकलेला फंड पुन्हा का हवा, असं त्यांनी अगदी अदबीने विचारलं. मी जपानी शब्द जुळवत होते, तोवर नवरा मान लववून म्हणाला, "हिशेब माझा चुकला."

हिशेब त्याचा एका येननेही चुकला नव्हता. तेव्हा तो मला जितका आवडला, तितका लग्नाच्या दिवशीही आवडला नव्हता.