हत्तीची सोंड

निगडीच्या टेकडीवरच्या बागेला एक लांबलचक नाव आहे. फाटकावर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही आहे, पण आजवर कुणी ते पुरतं वाचल्याचं ऐकिवात नाही. लोक म्हणतात हत्तीची बाग. तसं तिथं बघण्यासारखं कमी नाही. गुराख्यांच्या वेळचं दगडी टाकं आहे, त्याच्या काठाला शेंदूर फासलेली वीरगळ आहे, पारंब्या टेकलेला वड आहे. माथ्यावरच्या बाकावर बसलं की एका अंगाला तळेगावकडचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला चाकणकडच्या कारखान्यांचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. पण भेटायचं ठरलं की माणसं म्हणणार, "हत्तीपाशी ये." कितीतरी मुली हत्तीपाशी पसंत पडल्या, आणि कितीतरींनी मुलगा तिथेच नापसंत केला.

हत्ती कोयनेलचा. कुंपणाला लावतात त्याच हिरव्या झुडपाचा, माणसापेक्षा हातभर उंच, सोंड वर केलेला. तो घडवला ज्योतीराम माळ्याने. निघोज्याचा हा गडी नोकरीला लागला तेव्हा कुंपण सरळ रेषेत कापणं एवढंच त्याचं काम होतं. एका कोपऱ्यात झाडी फोफावली आणि त्याला तिच्यात पाठ दिसली. मग पाय निघाले, कान निघाले. सोंडेसाठी तार वाकवून तिच्यावर फांद्या चढवल्या, आणि ती पुरी व्हायला सहा वर्षं गेली. बायको जयमाला म्हणायची, "पोरं किती वाढली ते कधी बघितलं न्हाई, सोंड मातुर रोज बघत्यात." शेपटी काही जमली नाही. ती बोकडाचीच वाटते. त्यावरून कुणी हसलं तर ज्योतीराम दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे.

निवृत्तीला वर्ष राहिलं आणि त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आला. उजव्याने तर सगळं धुक्यातलं दिसायला लागलं. दवाखान्यात जावं, तर ही गोष्ट साहेबांच्या कानावर जाणार, कात्री काढून घेणार आणि हातात शिट्टी देऊन फाटकावर बसवणार. ज्योतीरामने ब्र काढला नाही.

पण एका बाईने ते ओळखलं. ठेकेदाराकडून गवत खुरपायला येणारी रंभा. तिची मुलगी उत्कर्षा टेकडीखालच्या शाळेत दहावीला होती, म्हणून हे जवळचं काम तिने धरून ठेवलेलं. "दादा, तुमाला दिसत न्हाई," असं ती कधी म्हणाली नाही. हत्तीच्या पायाशी खुरपता खुरपता ती आपली बोलत राहायची.

"दादा, कानापाशी येक फांदी लई माजलीय."

"दिसतंय मला."

"तुमाला दिसनारच की. मी आपली म्हन्ते. आनिक जरा वर... हां. बास."

त्या "बास"वर कात्री थांबायची. वर्षभर असंच चाललं. दोघंही काही कळत नसल्यासारखे वागत होते आणि दुरून तरी हत्ती ठाकठीक दिसत होता.

निरोप समारंभ आठवड्यावर आला. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे म्होरके नानासाहेब म्हणाले, "ज्योतीराम, कार्यक्रम हत्तीपुढंच करायचा. फोटो काढायचा झकास." मग काय, हत्ती नवरदेवासारखा दिसायला हवा. पण नेमकं त्या सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर रणजीत याने रंभाला टाक्यातला पाला काढायला धाडलं. उद्यावर ढकलायला हरकत नव्हती, पण ज्योतीरामला वाटलं, तीस वर्षं काय रंभा होती का? तो एकटाच स्टुलावर चढला.

पाठ झाली, कान झाले. मग कात्रीला काहीतरी जाड लागलं. त्याने जोर दिला. तार केव्हाच गंजून गेली होती, सोंड बोटभर जाड फांदीवर उभी होती. ती पायाशी पडल्याचा आवाज झाला तेव्हा त्याला कळलं.

आता इथे ज्योतीरामची बाजू घेता येत नाही. कात्री तिथेच टाकून तो अवजारांच्या खोलीत जाऊन बसला. आवाज ऐकून टाक्याकडून रंभा धावत आली. तिने आधी कात्री उचलली, मग सोंड. तेवढ्यात रणजीत आणि नानासाहेब पोचले.

"बाईच्या हातात कात्री दिली कुणी?" नानासाहेब कडाडले.

रंभाने खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. "चुकी झाली," ती म्हणाली.

"उद्यापासून येऊ नकोस," रणजीत म्हणाला.

दाराआड ज्योतीरामला शब्द न् शब्द ऐकू आला. तो बाहेर आला नाही. नंतर नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तुमच्या जन्माच्या मेहनतीवर पाणी फिरवलं हो त्या बाईनं," आणि या माणसाने चक्क मान डोलावली.

तो आठवडा त्याला फार वाईट गेला. हत्तीच्या पायाशी गवत वाढलं. काय झालं म्हणून जयमालाने विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "डोळा गेलाय त्यो गेलाय. जीभ तर हाय ना?"

समारंभाला शंभरेक माणसं जमली. शाल झाली, नारळ झाला. नानासाहेब बोलायला उठले आणि हत्तीकडे हात करून "एका अडाणी हातानं" असं म्हणाले मात्र, ज्योतीराम ताडकन उभा राहिला.

"सोंड म्या कापली." माणसं हसली. त्यांना वाटलं, भोळा माणूस, बाईला पदराखाली घेतोय. त्याचा आवाज चढला. "हसू नगा. मला दिसत न्हाई. गेलं वरीसभर ह्यो हत्ती रंभानं कापलाय, कात्री तेवढी माझ्या हातात हुती. तिनं माझं नाव राखलं आन् म्या दाराआड लपून तिची भाकरी घालवली." त्याने शाल काढली, नारळावर ठेवली आणि दोन्ही नानासाहेबांपुढे धरलं. "तिला कामावर घ्या. न्हाईतर ह्ये माघारी न्या."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नानासाहेबांचा चेहरा पडला. चुकला तर भर सभेत स्वतःचे कान धरणारा माणूस तो, त्याने खरंच धरले, आणि दुसऱ्या दिवशी रणजीतला सोबत घेऊन स्वतः रंभाच्या खोलीवर गेला. रणजीतने खाली मान घालून तिला कामावर बोलावलं. तिने दोघांनाही चहा दिला, पण येते म्हणायला अंमळ वेळ लावला.

दोन महिन्यांनी, डोळ्यांची ऑपरेशनं उरकून, ज्योतीराम काळा चष्मा लावून बागेत आला. स्टुलावर रंभा उभी होती, हातात कात्री. तो खाली गवतात बसला आणि चष्मा वर करून त्याने हत्ती नीट पाहिला. एक कान सुपाएवढा, दुसरा बशीएवढा. पाठीला खळगा.

"वरीसभर असलं येडंवाकडं कापत हुतो व्हय मी?"

"बास म्हनेस्तोवर दोन घाव जादा घालायचा तुमी. काय करू?"

दोघंही हसले. जिथून सोंड तुटली होती तिथे करंगळीएवढा कोवळा धुमारा आला होता. तिची कात्री गालावरून सरकत सरकत त्याच्याजवळ आली. ज्योतीरामच्या तोंडात "बास" आलंच होतं, पण कात्री आधीच थांबली होती.