कोरडं फडकं

ऑरिन रुकर्ट जाऊन दोन हिवाळे झाले होते, तरी दर रविवारी चर्चमधून घरी आलं की त्याची बायको डेल्फा तळघरात उतरायची. हँक, ऑरिनचा म्हातारा कुत्रा, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायचा. त्याच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नव्हता.

मॉन्टानातल्या त्या दरीत बहुतेकांच्या घरी असतं तसंच हे तळघर होतं. घेवड्याच्या बरण्या, पाण्याची पिंपं, कंदील आणि काडतुसांच्या लोखंडी पेट्या. ऑरिन म्हणायचा, "शेरिफ यायला तास लागतो, डेल्फा. तोवर आपलं आपणच."

शेजारचा लेस्टर तिला चिडवायचा, "जग बुडालं तरी तू एकटी घेवडा खात बसशील बघ."

"तू येशीलच की ताट घेऊन. वाढेन तुला, पण भांडी तू घासायची!"

ऑरिनचं रविवारचं काम तिनं जन्मभर जिन्यावरूनच पाहिलं होतं. तो रायफलच्या नळीत तेलाचा बोळा फिरवायचा. मग एकेक काडतूस फडक्यानं पुसून उजेडात धरायचा. तेव्हा तो मनातल्या मनात प्रार्थना करतोय असं तिला वाटायचं, म्हणून तिनं कधी काही विचारलं नाही. तो गेल्यावर तिनं ते काम आपलंसं केलं. गंज सोडवायच्या तेलानं रायफल पुसायची आणि काडतुसंही. बाळाला तेल लावावं तशी, बुडापासून टोकापर्यंत माखून.

त्या शरदात एका पहाटे कोंबड्यांनी आकांत मांडला. डेल्फा रायफल घेऊन ओसरीवर आली. खुराड्याशी अस्वल होतं, आणि त्याच्यासमोर हँक, पाय लटपटत असूनही भुंकत उभा.

"हँक, मागे ये!"

त्याला ऐकू गेलं नाही. तिनं नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'टक्'. रायफलचा बोल्ट मागे ओढून ते काडतूस बाहेर टाकलं, दुसरं चढवलं. पुन्हा 'टक्'. तिसरं उडालं, अस्वल पळालं. पण तोवर हँक खाली पडला होता. ऊन वर येईपर्यंत तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून होता, मग नव्हता.

बार ऐकून आलेल्या लेस्टरनं न उडालेली दोन काडतुसं गवतातून उचलली. बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर रायफलचा ठोका नीट बसला होता. बोटाला तेल लागलं.

"हे तेल कुणी लावलं गं?"

"मीच. ऑरिन लावायचा तसं."

लेस्टरनं बोट पँटला पुसलं. मग काडतुसं खिशात टाकत म्हणाला, "जुना माल. होतं असं कधीकधी. मी नवी पेटी आणतो." आणि फावडं शोधायला गेला. पण जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तिला काय कळायचं ते कळलं: तेल टोपीतून आत झिरपलं होतं, दारू निकामी झाली होती.

रविवारी ती खाली गेली. ऑरिनचं जुनं जॅकेट खुंटीवर तसंच होतं. आजवर तिनं त्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी उचललं, तर खाली एक फडकं घडी करून टांगलेलं. तिनं ते नाकाशी नेलं. तेलाचा वास नव्हता. नुसता पितळेचा पिवळसर डाग. म्हणजे फडकी दोन होती. तेलकट रायफलचं, कोरडं काडतुसांचं.

"देवा," ती म्हणाली, आणि फडकं हातावर उलगडलं.

मग तिनं लेस्टरची नवी पेटी उघडली. एकेक काडतूस त्या फडक्यानं पुसलं, उजेडात धरलं, ठेवलं. शेवटचं पुसून झाल्यावर सवयीनं वर पाहून म्हणाली, "झालं रे हँक, येते." पायरीवर नुसतं ऊन होतं.