डब्यात निघालेला ब्रह्मदेश

तुमचा चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ठसका लागेल. मी एकदा दुश्मनाचा जासूस म्हणून धरला गेलो होतो. मी! ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही!

जपानशी लढाईचे दिवस होते. इथं जबलपूरच्या कारखान्यात मी दारूगोळ्यासाठी लाकडी पेट्या ठोकायचो. त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जातात, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याबद्दल बोलायला बंदी. बोलला की नोकरी गेली, क्वार्टर गेलं, वरून जेल.

पण त्या देशाबद्दल बोलायला काय हरकत? शेजारचे सुतारकाका रंगूनहून पायी परतलेले. त्यांच्याकडून ऐकायचं आणि माझ्या लेकीला, कुसुमला, आणि क्वार्टरच्या लाईनीतल्या पोरांना सांगायचं. सोन्यानं मढवलेले पॅगोडे, सागाचे ओंडके ओढणारे हत्ती, गालाला झाडाच्या सालीचा लेप लावणाऱ्या बाया. त्यांचा शेवटचा राजा इंग्रजांनी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवला, हेही सांगितलं.

पोरं म्हणाली, "नकाशा काढा!"

काढला. मोठी नदी, घाट, देवळं, हत्ती. कुसुमनं वर ठळक अक्षरात 'ब्रह्मदेश' असं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी पहाटपाळी. ब्लॅकआउटमुळे कंदीलही झाकलेला. चाचपडत एक कागद हाती लागला, त्यात पोळ्या गुंडाळल्या. आता तुम्हीच ओळखा, कोणता कागद!

फाटकावर झडती. शिपायानं डबा उघडला, कागद वाचला आणि त्याचा चेहराच उतरला. "ये क्या है, दादा? ब्रह्मदेश? नक्शा?"

दोघांनी दंड धरून साहेबापुढं उभं केलं. साहेब नुकताच त्याच आघाडीवरून आलेला, हात गळ्यात बांधलेला.

"किसने बनाया?"

"म... मीच, साहेब."

"बर्मा गए हो कभी?"

"इथल्या शेजारच्या पनागरच्या पुढं नाही गेलो, साहेब!"

साहेब लोणच्याचं तेल पुसून कागद बघत राहिला. घड्याळ टिकटिक करून राहिलं होतं आणि मला डोळ्यापुढं कुसुम दिसत होती, सामान रस्त्यावर, बाप बेड्यांत.

"यह कौन सी नदी है?"

"तिथली मोठी. इरावती."

"तो इसके घाट पर पंडा छतरी लगाए क्यों बैठा है? और यह फूल-नारियल की दुकान?"

मी वाकून बघितलं. अरे देवा! जन्मात एकच नदी नीट पाहिलेली, आपली नर्मदा. हातानं जसाच्या तसा तिचा इथला ग्वारीघाट उतरवला होता!

साहेब इतका हसला की बांधलेला हात दुखून कळवळला. "छोड़ दो इसे. दुश्मन यह नक्शा लेकर चला, तो सीधा यहीं पाटन के मटर के खेत में पहुँचेगा!"

संध्याकाळी घरी आलो, कुसुमला जवळ घेतलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नकाशा चुकतोय, हे मला ठाऊक होतं, बाबा. भूगोलाच्या पुस्तकात खरा नकाशा आहे ना."

"मग काहून नाही बोलली?"

"तुम्ही इतक्या खुशीनं काढून राहिले होते!"

जासूस म्हणून धरलं, तेव्हा भीतीनं मेलो होतो. पण खरं सांगू? अडाणी म्हणून सोडलं, ते जास्त लागलं!